मंदी सगळ्यांना, मग मास्तरांचा पगार पूर्ण का?

सांवेर रोडवाला (धागाकर्ता), २९ नोव्हेंबर २०२०, रात्री ९.४०

परवा सरकारी आकडा आला. गेल्या वर्षीच्या मानानं देशाचं उत्पन्न एप्रिल ते जूनमध्ये २३.९ टक्क्यांनी पडलं होतं, जुलै ते सप्टेंबरमध्येही ७.५ टक्क्यांनी खालीच राहिलं. सलग दोन तिमाह्या घसरण, म्हणजे आता कागदावरसुद्धा मंदी. आम्हाला ती कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिलपासूनच कळत होती.

इंदूरच्या सांवेर रोडवर माझं छोटं युनिट आहे, औषधाच्या बाटल्यांची झाकणं करतो. मार्चमध्ये १४ माणसं होती, आज सहा आहेत. बाकीच्या आठांना मी तोंडानं 'या उद्यापासून नको' म्हणालो आहे, ते अजून विसरता येत नाही. बँकेच्या हप्त्यांची सूट ऑगस्टअखेर संपली, साचलेलं व्याज मुद्दलात गेलं. मी स्वतः सात महिने घरी पगार नेलेला नाही.

शेजारी दोघंही नवराबायको सरकारी शाळेत आहेत. माणसं चांगली आहेत, अडीअडचणीला धावतात. पण शाळा मार्चपासून बंद आणि पगार मात्र येतोच. खासदारांचे पगार वर्षभरासाठी ३० टक्के कापले गेले. मग शिक्षकांनी वर्षभर २५ टक्के सोडावेत आणि शाळा उघडल्या की पुढच्या वर्षीची दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी न घेता मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढावा, असं मला मनापासून वाटतं. कर भरणाऱ्याच्या घरात चूल पेटत नसताना कराच्या पैशावर चालणाऱ्याला झळ का लागू नये? शिव्या न देता बोला.

पाचवी-ब, २९ नोव्हेंबर, रात्री १०.५५

दादा, तुमच्या आठ माणसांचं वाचून वाईट वाटलं. मी इंदुरातच सरकारी प्राथमिक शाळेत आहे, १६ वर्षं झाली. शिव्या देत नाही, हिशेब देते.

झळ लागली नाही हे खरं नाही. केंद्राचा महागाई भत्ता १७ टक्क्यांवर गोठवलाय, आम्हा राज्यवाल्यांचा १२ वरच अडकलाय. १७ करायचा निर्णय मार्चमध्ये झाला होता, तो रोखला. जुलैची वेतनवाढ या वर्षी 'काल्पनिक' दिली. हा माझा शब्द नाही, आदेशातलाच आहे. म्हणजे कागदावर चढली, हातात आली नाही. हे सगळं कपात या नावानं झालं नाही म्हणून कुणाला दिसलं नाही, एवढंच.

आता 'शाळा बंद' याबद्दल. इमारत बंद आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्यातल्या कितीतरी जणांनी घरोघर सर्वेक्षण केलं. ताप आहे का, खोकला आहे का, बाहेरून कोण आलंय. एप्रिलमधलं इंदूर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी घरी आल्यावर अंगणातच कपडे बदलायचे आणि माझ्या सासूबाई आतून दार लावून घ्यायच्या. माध्यान्ह भोजनाचं कोरडं धान्य आम्हीच वाटलं. ६ जुलैपासून 'हमारा घर, हमारा विद्यालय' ही सरकारी मोहीम सुरू झाली, तेव्हापासून वस्तीत जाऊन ओट्यावर पाच-पाच मुलं बसवून शिकवते. वर्गात ३८ मुलं आहेत, त्यातल्या ११ घरांत स्मार्टफोन आहे आणि तोही बापाबरोबर सकाळी कामावर जातो. व्हॉट्सअॅपवर रोज येणारे व्हिडिओ मी माझ्याच फोनवर दाखवते, माझ्याच रिचार्जनं.

आणि सुट्ट्या. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा धरलीय, शिवाय तयारीसकट आठवड्याला ४५ तास. लोक बाकीचे दिवस मोजतात. इतर खात्यांत वर्षाला ३० दिवस अर्जित रजा साठते, आम्हाला तेवढी नाही, कारण आम्हाला उन्हाळ्याची सुट्टी आहे असं गृहीत धरलंय. त्याच सुट्टीत मतदार यादी, प्रशिक्षण, सर्वेक्षण. सुट्टी काढून घ्यायची तर घ्या, पण मग रजा द्या.

तीन मुलांची आई, ३० नोव्हेंबर, सकाळी ७.२०

ताई, तुमच्यासारखी एक असेल, मान्य. पण आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेतलं कोणी आठ महिन्यांत एकदाही वस्तीत फिरकलेलं नाही. तिला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, मी रोज संध्याकाळी अर्धा तास शिकवते. तुमचा आणि त्या मास्साबांचा पगार एकच आहे ना? काम न करणाऱ्याला तुम्ही लोक एका शब्दानं बोलत नाही, संघटनासुद्धा बोलत नाही. मग लोक सगळ्यांनाच एका मापानं मोजतात. त्यात लोकांचीच चूक आहे असं मला वाटत नाही.

पाचवी-ब, ३० नोव्हेंबर, सकाळी ७.४५

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. असे आहेत आणि आम्ही गप्प बसतो, हेही खरं. फक्त सरसकट २५ टक्के कापले तर तो फिरकणार नाहीच आणि मी कदाचित रिचार्ज बंद करीन, एवढंच म्हणते.

खाजगीतली, ३० नोव्हेंबर, दुपारी १.१०

तुम्ही सगळे सरकारी पगारावर बोलताय. शहरातल्या किती मुलांना आमच्यासारखे शिकवतात याचा विचार कोणी केला का?

मी एका खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. पगार २२,००० होता. एप्रिलपासून निम्मा झाला, जूनमध्ये मिळालाच नाही. याच महिन्यात उच्च न्यायालयानं सांगितलं की शाळांनी पालकांकडून फक्त ट्यूशन फी घ्यावी. त्याच निकालात शिक्षकांच्या पगारात २० टक्क्यांहून जास्त कपात करू नये आणि कापलेले पैसे नंतर परत द्यावेत, असंही आहे. पालकांच्या ग्रुपवर पहिला भाग हजार वेळा फिरला. दुसरा भाग मी स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटांत फोन आला, 'मॅडम, डिलीट करा.' केला डिलीट. घरी दोन मुलं आहेत.

रोज चार तास स्क्रीनवर शिकवते, नंतर ९० मुलांच्या वह्यांचे फोटो तपासते, रात्री अकराला पालकांचे मेसेज येतात. दिवाळीची सुट्टी होती त्यात ऑनलाइन परीक्षेचे पेपर काढले. सांवेर रोडवाले दादा, तुम्हाला हवं ते सगळं आमच्याकडे झालंय. पगार कापला, सुट्टी गेली. त्यानं मुलं जास्त शिकली का? माझ्यापुरतं सांगते, नाही. मी पूर्वी एक गणित तीन पद्धतींनी समजवायचे. आता एका पद्धतीनं सांगते आणि पुढे जाते, कारण डोक्यात घरभाडं असतं.

सांवेर रोडवाला, ३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

मॅडम, तुमचं वाचून मीच गप्प झालो. माझी मुलगी अशाच एका शाळेत आहे आणि फी कमी करा म्हणून गेटवर उभं राहणाऱ्यांत मीही होतो. आमच्या मागणीचा भार शाळेनं कोणावर टाकला, हे विचारलं नाही.

तरीही सरकारी पगारावरचा माझा प्रश्न उरतोच. पाचवी-ब ताई, गोठवलेला भत्ता म्हणजे न वाढलेला पगार. माझ्या माणसांचा पगार शून्य झाला. या दोन्हीला 'झळ' म्हणणं मला पटत नाही.

मालवा मिल परिसर, ३० नोव्हेंबर, रात्री ८.१५

दादा, शून्य पगार काय असतो ते आमच्या घराला माहीत आहे.

वडील इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये साच्यावर होते. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली, तेव्हा मी सहावीत होतो. आज २९ वर्षं झाली, कामगारांची पूर्ण देणी अजून मिळालेली नाहीत. वडील वाट बघतच गेले. ती मंदी फक्त मिलच्या गेटापुरती नव्हती. चहावाला, सायकल दुरुस्तीवाला, शिंपी, पहिल्या तारखेच्या उधारीवर चालणारी सगळी दुकानं दोन वर्षांत बसली.

आमचं घर वाचलं ते आईच्या पगारावर. ती शहरातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. त्या एका पगारावर आम्ही पाच जण जेवलो, काकांच्या मुलींची फीस गेली आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला दर महिन्याला निदान एका घराकडून रोख पैसे मिळाले. तो नंतर आईला सांगायचा, 'बाई, तुमच्यासारख्या चार घरांवर दुकान टिकलं.' तेव्हा गल्लीत लोक बोलायचेच, 'हिचं बरंय, सरकारी आहे.' आई खाली मान घालून जायची. तिनं त्या वर्षांत नवी साडी घेतली नाही, परवडत होती तरी. लोक बघतात म्हणून.

तिचा पगार तेव्हा २५ टक्के कापला असता तर वडिलांची मिल सुरू झाली नसती. किराणावाला मात्र बसला असता.

तीन मुलांची आई, ३० नोव्हेंबर, रात्री ८.४०

भाऊ, तुमच्या आईंना नमस्कार. पण सरकार पगार आणतं कुठून? या वर्षी करच जमला नाही. कर्ज काढून पगार दिला तर तो उद्या आपल्याच मुलांनी फेडायचा. हे कोणी बोलत नाही.

रामबागेतून डब्लिनला, १ डिसेंबर, पहाटे ३.०५

इथे रात्र आहे, झोप येईना म्हणून लिहितोय. हेच भांडण मी आयर्लंडमध्ये शब्दाला शब्द ऐकलंय. २००८ ला बँका बुडाल्या. २००९ मध्ये सरकारी नोकरांच्या पगारातून आधी पेन्शनच्या नावानं कपात सुरू झाली, वर्षअखेरीच्या अर्थसंकल्पात मूळ पगारही कापला. शिक्षकांवर लोक तुटून पडले. लांब सुट्ट्या, लहान दिवस, पक्की नोकरी, तेच सगळं. २०१० च्या करारात माध्यमिक शिक्षकांनी वर्षाला ३३ तास जादा द्यायचं कबूल केलं.

मला सांगायचंय ते त्यापुढचं. जानेवारी २०११ पासून नव्यानं लागणाऱ्या शिक्षकांना १० टक्के कमी पगारावर घेतलं. कारण उघड आहे, जो अजून लागलाच नाही तो मतही देत नाही आणि संपही करत नाही. माझ्या मुलाच्या शाळेत एकाच विषयाचे दोन शिक्षक, शेजारशेजारच्या वर्गात, पगार वेगळा. मंदी कधीच संपली, तो वाद अजून मिटलेला नाही.

तेव्हा दादा, 'शिक्षकांचा पगार कापा' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर शेजारचं जोडपं असतं. कात्री त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. दारात उभ्या असलेल्या पोरावर ती आधी पडते.

निवड यादीतला, १ डिसेंबर, सकाळी ९.५०

दारात उभं असलेलं पोर मीच आहे.

शिक्षक भरतीची जाहिरात २०१८ ची. परीक्षा २०१९ च्या सुरुवातीला दिली, पास झालो, निवड यादीत नाव आलं. या जुलैत कागदपत्रं तपासायला बोलावलं आणि मध्येच थांबवलं. अजून नेमणूक नाही. झाली तरी नव्या नियमानं पहिल्या वर्षी पगाराच्या ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९०. म्हणजे दादा, तुमची २५ टक्के कपात माझ्यासाठी आधीच ३० टक्के झालेली आहे आणि ती मंदीच्या आधीच, गेल्या डिसेंबरात ठरली.

तोवर अतिथी शिक्षक होतो. वर्ग २ (सहावी ते आठवी), महिना ७,०००. वर्ग ३ (पहिली ते पाचवी) वाल्यांना ५,०००. आमचं मानधन शिकवलेल्या तासिकांवर, शाळा बंद म्हणजे आम्ही बंद. मार्चनंतर मला एक रुपया आलेला नाही. सध्या विजयनगरला एका गोदामात पाकिटांवर पत्ते चिकटवतो. वय ३१ आहे, एमएस्सी गणित, बीएड.

पक्क्या शिक्षकांचा पगार कापून तो मला दिला जाणार असेल तर मी आज सही करतो. तसं होत नाही. तो वाचतो आणि माझी जागाही रिकामीच राहते.

खाजगीतली, १ डिसेंबर, दुपारी २.००

भाऊ, तुमच्या विषयाचं शिकवणीचं काम आलं तर इथेच सांगीन. माझ्याकडे दोघांनी विचारलंय, मला वेळ होत नाही.

सांवेर रोडवाला, १ डिसेंबर, रात्री १०.२०

दोन दिवस सगळं नीट वाचलं. २५ टक्क्यांची मागणी मी मागे घेतो. डब्लिनवाल्यांचं आणि निवड यादीतल्या भावाचं वाचून पटलं की ती चुकीच्या माणसाला लागेल. सुट्टीबद्दल मात्र माझं मत तेच आहे. मुलांचं वर्ष बुडालंय आणि पुढच्या उन्हाळ्यात शाळा चालल्याच पाहिजेत, त्यासाठी शिक्षकांना रजा द्या किंवा पैसे द्या, जे द्यायचं ते द्या. ते काम अतिथी शिक्षकांना पूर्ण मानधनावर दिलं तर आणखी चांगलं. यावर कोणी निवेदन लिहीत असेल तर माझी सही धरा.

आणि पाचवी-ब ताई, एक काम आहे. काढलेल्या आठांपैकी एकाचा मुलगा तिसरीत आहे. फी थकली म्हणून आधीची खाजगी शाळा टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) देत नाही, मुलगा जूनपासून घरीच आहे. सरकारी शाळेत घेतील का?

पाचवी-ब, १ डिसेंबर, रात्री १०.३५

घ्यावंच लागतं. टीसी नाही म्हणून सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ आहे. जन्मदाखला नसला तरी थांबवता येत नाही. आधार आणि समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) असेल तर घेऊन यायला सांगा, नसेल तर तसंच या. ते कुठे राहतात ते मला वेगळं कळवा, जवळची शाळा बघून मुख्याध्यापकांशी मी बोलते. सकाळी अकराच्या आत या म्हणावं, त्यानंतर मी वस्तीत असते.