मदत हवी आहे : साउंडबारची बटणे युनिव्हर्सल रिमोटला कशी शिकवावीत?

नमस्कार. आम्ही परभणीला राहतो. आईची नजर अधू झाल्यामुळे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार यांचे तीन वेगळे रिमोट हाताळताना तिची फार ओढाताण होते, म्हणून मोठ्या बटणांचा एक युनिव्हर्सल रिमोट घेतला आहे. टीव्ही आणि बॉक्सचे कोड (त्या-त्या कंपनीचे उपकरण चालावे म्हणून रिमोटमध्ये टाकायचे क्रमांक) पुस्तिकेत मिळाले व ते व्यवस्थित चालतात. साउंडबारच्या कंपनीचे नाव मात्र यादीत नाही. आपोआप कोड शोधल्यावर आवाज कमी-जास्त होतो, पण म्यूट आणि इनपुट बदलण्याची बटणे चालत नाहीत.

साउंडबारच्या जुन्या रिमोटचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून लुकलुकताना दिसतो, म्हणजे तो इन्फ्रारेडच (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने संकेत पाठवणारा) आहे. नव्या रिमोटमध्ये लर्निंगची (दुसऱ्या रिमोटचे संकेत शिकून घेण्याची) सोय असल्याने दोन्ही रिमोट समोरासमोर धरून ही दोन बटणे शिकवता यावीत, असे वाटते. तसे केल्यास आधी बसवलेले कोड पुसले जातात का, आणि सेल बदलल्यावर शिकवलेली बटणे टिकतात का? टीव्ही व साउंडबार एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या केबल-जोडणीने) जोडून सीईसी (जोडलेली उपकरणे एकाच रिमोटने चालवण्याची सोय) सुरू केल्यास आवाज टीव्हीच्याच कोडवर चालेल, हेही वाचले आहे. तथापि आमच्याकडे वीज वारंवार जाते, तेव्हा वीज परतल्यावर ही जोडणी आपोआप पूर्ववत होते का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. आईला कोणाला हाक न मारता बातम्या आणि कीर्तन लावता यावे, एवढीच इच्छा आहे.