टँकरचा ठावठिकाणा: कोणत्या नोंदीवर विसंबावे?

वास्कोकर
माझा मुलगा तेलवाहू टँकरवर थर्ड ऑफिसर आहे. जहाज फुजैराहून (संयुक्त अरब अमिरातीतील बंदर) निघाले तेव्हा जहाजांचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या नकाशावर सतत पुढे सरकताना दिसत होते. आता मात्र परवाचीच जागा दिसते आणि गंतव्य बंदराच्या रकान्यात ‘फॉर ऑर्डर्स’ असे लिहिले आहे. घरात सर्वांच्या जिवाला घोर लागला आहे. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

सड्यावरून (निवृत्त चीफ ऑफिसर)
यावरून काळजी करण्याचे कारण नाही. जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारे एआयएस यंत्र व्हीएचएफ रेडिओ लहरींवर बोलते आणि त्या लहरी किनाऱ्यावरच्या अँटेनांना साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच नीट मिळतात. त्यापुढे उपग्रहाने टिपलेली जागा लागते, जी बहुतेक संकेतस्थळे पैसे भरणाऱ्यांनाच दाखवतात. ‘फॉर ऑर्डर्स’ हेही टँकरच्या बाबतीत नेहमीचेच आहे, कारण माल कोठे उतरवायचा हे पुष्कळदा जहाज वाटेवर असताना ठरते.

जागा आणि वेग जीपीएसवरून आपोआप जातात. गंतव्य, पोहोचण्याची वेळ आणि ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसले आहे ते माप) मात्र ड्यूटीवरचा अधिकारी हाताने भरतो, त्यामुळे कधीकधी मागच्याच बंदराचे नाव तसेच राहून जाते. तरीही मी प्रथम ड्राफ्टच पाहतो. भरलेला टँकर खोल बसतो, तर रिकामा झालेला तोल राखण्यासाठी बॅलास्टचे पाणी घेऊनही बराच वर राहतो. म्हणून एका बंदरात शिरतानाचा आणि तेथून निघतानाचा ड्राफ्ट ताडून पाहिला, तर माल चढला की उतरला, हे घरबसल्या समजते.

मांडवीकाठ
जहाज नावाने शोधू नये. एकाच नावाची अनेक जहाजे असतात. सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक जहाजाच्या जन्मापासून मोडीत निघेपर्यंत तोच राहतो, तर नऊ अंकी एमएमएसआय हा रेडिओ-ओळख क्रमांक ध्वजाबरोबर, म्हणजे नोंदणीचा देश बदलला की, बदलतो (भारतीय जहाजांचा ४१९ ने सुरू होतो). आयएमओ क्रमांकावरून ‘इक्वासिस’ या जहाजांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी करून बांधणीचे वर्ष, मालक आणि तपासण्यांची माहिती पाहता येते. तेथील डेडवेट म्हणजे जहाज पेलू शकेल ते वजन, आणि ग्रॉस टनेज हे आकारमानाचे माप; या दोहोंची गल्लत वर्तमानपत्रांतही होते. २०१९ मध्ये दोनापावलाजवळ नाफ्था (ज्वालाग्राही खनिज तेलाचा प्रकार) भरलेला ‘नु शी नलिनी’ हा टँकर रुतल्यापासून मुरगाव बंदराबाहेर नांगरलेल्या प्रत्येक टँकरची माहिती मी अशीच पाहत असतो.

वास्कोकर
मनःपूर्वक आभार. आयएमओ क्रमांकावरून पाहिले; कमाल ड्राफ्ट १४.९ मीटर आहे आणि सध्याचा १४.६.

सड्यावरून
म्हणजे जहाज भरलेले आहे. १२ नॉटने (तासाला १२ सागरी मैल) ते दिवसाला २८८ सागरी मैल जाईल, तेव्हा किनाऱ्याजवळ आल्यावर नकाशावरचा ठिपका एकदम फार पुढे उमटेल.