क्योतोचं हिगाशियामा-गिओन : सकाळ आणि रात्र एकाच दिवसात, आई-बाबांसह

हरिपूर_वळण, सांगली
नमस्कार मंडळी. २० नोव्हेंबरच्या आसपास क्योतोत आहोत, चौघं जण. आई-बाबा पासष्टीचे, आईचे गुडघे कुरकुरतात आणि जेवण जैन. मुक्काम क्योतो स्टेशनजवळ. हिगाशियामा-गिओनसाठी एक अख्खा दिवस ठेवलाय. दिवसा देवळं आणि लाकडी घरांच्या गल्ल्या, अंधार पडल्यावर कंदिलांचा उजेड, दोन्ही बघायचंय. कुठून सुरू करावं? चढ किती? रात्री नेमकं काय उघडं असतं? आणि गेइशा दिसतात का, हे बाबांचं खास कुतूहल.

यवतेश्वर_घाट, सातारा
सुरुवात वरून करा, कियोमिझु-देरापासून. गिओन शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. दहाला गिओनमध्ये उतरून बंद दारं बघतात आणि भर दुपारी चढ चढून कियोमिझुच्या गर्दीत सापडतात.

कियोमिझु सकाळी ६ ला उघडतं, तिकीट ५०० येन. आसपासची तिकिटाची बाकी देवळं ९-१० शिवाय दार उघडत नाहीत, म्हणून पहाटेचे तास याच देवळाला द्यायचे. चौघं आहात तर त्या वेळी बसच्या नादी लागू नका, स्टेशनवरून टॅक्सी करा. टॅक्सीचं मागचं दार ड्रायव्हर आतून उघडतो-मिटतो, आपण ओढायचं नाही.

त्या दिवसांत सूर्योदय साडेसहाच्या सुमारास असतो. पण देऊळ पूर्वेच्या डोंगराला टेकलेलं, त्यामुळे खाली शहरावर ऊन पडलं तरी इथे सावलीच असते. सहाला आत जाऊन आधी मुख्य मंडप निवांत बघा आणि ऊन वर येईल तेव्हा समोरच्या ओकुनोइन या दुसऱ्या मंडपाला जाऊन थांबा. तो प्रसिद्ध १३ मीटर उंचीचा सज्जा तिथूनच नीट दिसतो. सज्जावर उभं राहिलं की सज्जा सोडून सगळं दिसतं!

आताचा मंडप १६३३ सालचा. खालून बघायला विसरू नका. उभ्या खांबांना आरपार खाचा पाडून त्यांतून आडव्या तुळया ओवल्यात आणि पाचरी ठोकून आवळल्यात. त्या सांगाड्यात खिळा नाही. तुळयांची टोकं पावसात कुजू नयेत म्हणून त्यांच्यावर फळ्यांची चिमुकली छपरं आहेत. लोक फोटोत सज्जा घेतात आणि ही छपरं बघतच नाहीत.

तिथून सन्नेनझाका, निनेनझाका या पायऱ्यांच्या गल्ल्या उतरत या. साडेसातला दुकानं बंद असतात, पण रस्ता रिकामा मिळतो. खरेदी करायची तर नंतर पुन्हा यावं लागेल, दोन्ही एकदम जमत नाही. यासाका पॅगोडा (४६ मीटर, आताची बांधणी १४४० ची) या उतारांच्या पश्चिमेला आहे. म्हणजे सकाळी वरच्या बाजूने खाली बघत फोटो काढला तर ऊन आपल्या पाठीशी आणि मनोऱ्याच्या अंगावर. खालून वर बघत काढला तर मनोरा काळा येतो.

दहाला केन्निन-जी उघडतं, ८०० येन. हानामिकोजी रस्त्याच्या दक्षिण टोकाला. १२०२ साली स्थापन झालेलं, क्योतोतलं सगळ्यात जुनं झेन मंदिर. छतावरचे जोड-ड्रॅगन मात्र २००२ चे. चपला काढून आत जायचं असतं, नोव्हेंबरात फरशा गार पडतात, जाड मोजे घाला. बाराच्या आत हॉटेलवर परत. बारा ते चार या भागात काहीही करू नका, झोपा काढा. रात्र त्यावरच निघते.

घाटमाथा_मिरज
दादा, क्रम बरोबर आहे, पण "वरून खाली" हे गुडघ्याला सोपं असतं हा गैरसमज. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतरण जास्त जड जाते, त्यात दगडी पायऱ्या. सन्नेनझाकाला ४६ पायऱ्या आहेत, निनेनझाकाला १७. सज्जनगड चढणाऱ्याला हसू येईल, पण पाऊस पडून गेला असेल तर दगड चकाकतो आणि पाय सटकतो. सन्नेनझाकावर पडलेला माणूस तीन वर्षांत मरतो अशी जुनी समजूत आहे, आणि उतारा म्हणून भोपळ्याची ताईतं विकणारं दुकान पायऱ्यांच्या खालीच आहे. धंदा कसा करावा हे त्यांच्याकडून शिकावं.

हरिपूरकर, तुमच्या आईंसाठी असं करा:
कियोमिझुच्या आवारात मंडपापासून ओतोवा झऱ्याकडे थेट उतरणाऱ्या उभ्या पायऱ्या टाळा. ओकुनोइनवरून पुढे कोयासु पॅगोडाकडे वळसा घालत जाणारी वाट धरा. लांब पडते, पण उतार मवाळ आहे.
बाहेर पडल्यावर सन्नेनझाकाला वळू नका. कियोमिझु-झाका सरळ उतरून हिगाशिओजी या मोठ्या रस्त्याला लागा. उतारच, पायऱ्या नाहीत. मग उजवीकडे थोडं चालून यासाका-दोरी या रस्त्याने पॅगोडापर्यंत हलका चढ. तुम्ही सन्नेनझाकाने या आणि आईंना पॅगोडापाशी भेटा.
पुढे नेनेनोमिची ही गल्ली, मारुयामा बाग, यासाका देवस्थान हा पट्टा सपाट आहे.

कियोमिझु ते यासाका सगळं मिळून जेमतेम दोन किलोमीटर. दमवतं ते अंतर नाही, दर दहा पावलांना थांबणं दमवतं. मारुयामा बागेत बसायला जागा मिळते, रस्त्यावर मिळत नाही.

कंदील_रात्र, सातारा
रात्रीचं मी सांगते. त्या दिवसांत सूर्य पाचच्या आतच मावळतो. चारला हॉटेलवरून निघालात तरच मावळतीनंतरची वीसेक मिनिटं हाती लागतील. आभाळ निळं आणि कंदील लागलेले, फोटो त्याच वेळात काढायचे. पूर्ण काळोखात फोनला कंदील पांढरे फटफटीत आणि बाकी काळं दिसतं. कंदिलावर बोट दाबून उजेड कमी करा. ट्रायपॉड आणूच नका, गल्ल्या अरुंद आहेत.

तुमच्या तारखा नशिबाच्या आहेत. कियोमिझुची शरदातली रात्रीची रोषणाई साधारण १८ ते ३० नोव्हेंबर असते, प्रवेश रात्री ९ पर्यंत. कोदाई-जीचीही याच मोसमात, तिथे ९:३० पर्यंत. दोन्ही एका रात्रीत कोंबू नका. कियोमिझु सकाळी झालेलंच आहे, म्हणून कोदाई-जी घ्या. १६०६ साली नेनेने आपला नवरा, जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या स्मरणार्थ स्थापलेलं. तिथलं तळं वारा पडला असेल तर मेपलची पानं जशीच्या तशी उलटी दाखवतं. पण आत चढउतार आहेत, नेनेनोमिचीवरून वर जायलाही पायऱ्या. आई-बाबांनी त्या वेळात यासाका देवस्थानात थांबावं. ते रात्रभर उघडं असतं, तिकीट नाही, आणि मधल्या नृत्यमंडपावरचे कंदील पेटलेले असतात.

मग शिजो रस्ता ओलांडून उत्तरेकडे शिम्बाशी गल्ली, शिराकावा ओढा आणि तात्सुमी पूल. सगळं सपाट. माझ्या मते रात्रीचा खरा गिओन हाच, हानामिकोजी नव्हे.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर: क्योतोत त्यांना गेइको म्हणतात, शिकाऊ मुलींना माइको. साडेपाच-सहाच्या सुमारास त्या कामावर निघतात, झपझप चालत. दिसल्या तर बाजूला व्हा, वाट अडवून फोटो नाही, किमोनोला हात तर नाहीच. हानामिकोजी हा सार्वजनिक रस्ता आहे, पण त्याला फुटणाऱ्या खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद. फलकांवर १०,००० येन दंड लिहिलेला असतो. चहाघरांत ओळखीशिवाय प्रवेश नसतो, दार ठोठावू नका. नृत्य बघायचंच असेल तर गिओन कॉर्नर या नाट्यगृहाचं तिकीट आधी काढा. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांसाठी मियाको ओदोरी हा गेइको-माइकोंचा नृत्यप्रयोग आहे, १८७२ पासूनचा.

परतीला बस नको. गिओन-शिजोहून केइहान गाडीने तोफुकुजी, तिथे जेआर नारा मार्ग, पुढचंच स्टेशन क्योतो.

बिनकांदा_सांगली
जेवणाचं कुणी बोललं नाही. खरी पंचाईत तिथेच होते. "व्हेजिटेरियन" म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात, रस्सा तोच राहतो. रश्शाचं पाणी म्हणजे दाशी, आणि ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचं. हे कुठे लपतं बघा: उदोन-सोबा या नूडल्सच्या सुपात, तेम्पुराच्या चटणीपाण्यात, इनारी सुशीच्या गोडसर टोफू-पिशवीत. युदोफूला, म्हणजे गरम पाण्यात शिजवलेल्या टोफूला, लोक बिनधोक समजतात. भांड्यातलं पाणी कोम्बु शेवाळाचं असतं खरं, पण बुडवायचा सॉस माशाचा असू शकतो. तयार जपानी करीच्या मसाल्यात बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते.

जैनांना जवळचं जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी, झेन मठांचं. मांस-मासे नाहीत, परंपरेने कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बु आणि शिताके अळंबीची. मात्र अळंबी आणि मुळा, गाजर, रताळं यांसारखी कंदमुळं भरपूर असतात, तेव्हा घरचा नियम किती कडक आहे ते आधी ठरवा. आगाऊ सांगून ठेवावं लागतं, बहुधा दुपारीच मिळतं. वरच्या बेतात दुपारची झोप थोडी पुढे ढकला.

"मांस, मासे, कात्सुओबुशी, माशाची दाशी, कांदा, लसूण चालत नाही" हे वाक्य जपानीत करून फोनमध्ये चित्र म्हणून ठेवा. ऐन वेळी नेट गेलं की भाषांतर अ‍ॅप कामाचं नाही. गोडात नामा-यात्सुहाशी बिनघोर खा: तांदळाचं पीठ, साखर, दालचिनी, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण. सांगलीहून भडंग न्यायला हरकत नाही, पण ताजी फळं-भाज्या विमानतळावर अडकतात. चालता चालता खाऊ नका, आणि कचऱ्याला पिशवी जवळ ठेवा, रस्त्यावर डबे जवळपास नाहीतच.

हरिपूर_वळण
खूप खूप आभार सगळ्यांचे. एक राहिलं, बायको भाड्याचा किमोनो घालणार आहे. रात्रीपर्यंत चालेल?

कंदील_रात्र, सातारा
बरीच दुकानं पाच-साडेपाचला किमोनो परत मागतात, म्हणजे नेमका कंदील लागायच्या वेळी. आरक्षण करतानाच "दुसऱ्या दिवशी परत" हा पर्याय घ्या, थोडे पैसे जास्त पडतात. आणि केन्निन-जी किमोनोआधी उरका. किमोनोवरच्या झोरी चपला घालून पायऱ्या उतरायच्या असतील तर एक माप मोठे मागू नका, टाच बाहेर आलेलीच बरी.