ब्राउझर बदलायचाय, कोणता घेऊ?

ए-३०२: मंडळी, पार्किंगचा विषय नाहीये, निर्धास्त वाचा 😀 लॅपटॉपवर जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन हे ब्राउझरला जोडायचं एक्स्टेंशन टाकलं होतं. परवा क्रोम अपडेट झाला आणि ते बंदच पडलं. 'हे एक्स्टेंशन आता चालणार नाही' एवढाच निरोप. आता बातमी कमी आणि जाहिराती जास्त दिसतायत. दुसरा कोणता ब्राउझर घेऊ?

बी-१०४: एज वापरा. विंडोजमध्ये असतोच, डाउनलोड करायची कटकट नाही.

सी-५०१: काका, त्याने फरक नाही पडणार. एज २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर आहे. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सगळ्यांचं आतलं इंजिन, म्हणजे साइट पडद्यावर उभी करणारा भाग, एकच, ब्लिंक. बॉडी आणि रंग तेवढा वेगळा. ऑपेराचं स्वतःचं इंजिन होतं, प्रेस्टो. ते त्यांनी २०१३ मध्ये सोडलं.

बी-१०४: इंजिन एक असलं म्हणून काय झालं? गाडी चालतेय ना?

सी-५०१: ताईंचं एक्स्टेंशन त्यापायीच बंद पडलंय. पूर्वी पान उघडताना बाहेर जाणारी प्रत्येक विनंती एक्स्टेंशन स्वतः तपासायचं आणि नको ती जागच्या जागी अडवायचं. क्रोमियममध्ये एक्स्टेंशनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ नावाचे नवे नियम आले, त्यात ही मुभा काढून घेतली. आता एक्स्टेंशनने नियमांची यादी ब्राउझरकडे आधीच द्यायची, अडवण्याचं काम ब्राउझर करणार. वॉचमनला गेटवरून उठवून फक्त रजिस्टर लिहायला बसवलं, असं समजा. या नियमांत बसणारं यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे, पण मूळ यूब्लॉकची सर त्याला नाही. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवलीय, तिथे मूळ यूब्लॉक चालतं.

ए-३०२: म्हणजे फायरफॉक्सच का?

बी-४०३: थांबा, विवाल्डीचं कुणीच नाव घेईना म्हणून लिहितो. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एकानेच काढलाय, २०१६ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. टॅब डावीकडे उभे लावता येतात, एकावर एक रचून ठेवता येतात, नोट्स आहेत, ईमेलही आतच. जाहिराती अडवायची सोयसुद्धा आहे, फक्त आपण चालू करायची. एकदा टॅब उभे लावून बघा, परत आडवे नको वाटतील.

डी-२०२: तुमच्या त्या विवाल्डीच्या सेटिंगमध्ये मी अर्धा तास हरवले होते हो.

बी-४०३: काकू, तीच तर मजा आहे!

सी-५०१: ज्याला सेटिंगला हातच लावायचा नाही त्याने ब्रेव्ह घ्यावा. त्याचा ब्लॉकर एक्स्टेंशन नाही, ब्राउझरचाच भाग आहे, म्हणून व्ही३ चा फटका त्याला बसत नाही. जावास्क्रिप्ट ज्याने लिहिली त्याच ब्रेंडन आइकची कंपनी. मला फक्त त्यातलं क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्ड्स खटकतात. ती बटणं लपवता येतात, पण मुळात आधी का दाखवायची?

डी-२०२: माझं मत फायरफॉक्सला, आणि कारण जाहिराती नाही. मी ऑफिसात होते तेव्हा निम्म्या साइटवर लिहिलेलं असायचं, 'फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडा'. दुसऱ्यात उघडलं की फॉर्म अर्धा दिसायचा, सबमिटचं बटण गायब. तो एक्सप्लोरर २०२२ मध्ये बंद झाला आणि आता तेच सगळं क्रोमच्या नावाने चाललंय. साइट बनवणारे एकाच इंजिनावर तपासतात आणि मोकळे होतात. चालू इंजिनं उरलीत तीन: ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. तिसरं टिकायला नको का?

बी-१०४: पण वहिनी, फायरफॉक्सवाल्यांना पैसे तरी कोण देतं? गूगलच ना!

डी-२०२: देतं. डीफॉल्ट सर्चचे पैसे मिळतात आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलाची बरीचशी कमाई तीच आहे. म्हणून तर काळजी वाटते. मी सर्च गूगलऐवजी डकडकगोवर ठेवलंय, म्हणजे माझा हातभार तिथेही नाही 🙈

ए-१०१: आयफोनवर फायरफॉक्स टाकला, त्यात यूब्लॉक सापडतच नाही.

सी-५०१: सापडणार नाही. आयफोनवर नाव काहीही असो, आत वेबकिटच. युरोपियन युनियनमध्ये २०२४ पासून दुसऱ्या इंजिनांना मुभा आहे, आपल्याला नाही. तुम्ही सफारीच ठेवा, त्यात ब्लॉकर टाकता येतो. अँड्रॉइडवाल्यांना मात्र फायरफॉक्समध्ये यूब्लॉक मिळतं.

बी-१०४: अँड्रॉइडवरून आठवलं. माझ्या मोबाइलवर क्रोममध्ये टॅबचा आकडा असायचा तिथे हसरा चेहरा आलाय. व्हायरस आहे का?

सी-५०१: 😂 काका, ९९ च्या पुढे टॅब गेले की आकड्याऐवजी तो चेहरा येतो. बंद करा थोडे.

बी-१०४: सगळे लागतात मला.

ए-३०२: फायरफॉक्स टाकला. बुकमार्क आपोआप आले. पासवर्ड मात्र जुन्यातून सीएसव्ही फाइल काढून द्यावे लागले. यूब्लॉक लगेच चालू झालं, ती बातमीची साइट ओळखूच येईना, इतकी मोकळी. ऑफिसची एक साइट तेवढी उघडत नाहीये, डी-२०२ च्या काकू म्हणतात तसंच.

डी-२०२: त्या एकीसाठी जुना ब्राउझर ठेव गं. माझ्याकडेही दोन आहेत. सगळं एकाच्याच गळ्यात कशाला?

सेक्रेटरी: सीएसव्ही डिलीट केली ना? नोटपॅडमध्ये उघडून बघा एकदा. साइट, युजरनेम, पासवर्ड, ओळीने सगळं उघडं असतं, कुलूप नाही काही नाही.

ए-३०२: बापरे. डाउनलोड्समध्येच आहे अजून. करते डिलीट.

सेक्रेटरी: रिसायकल बिनमधूनही.

ए-१०१: मी तर ती स्वतःला ईमेल केली होती… दोन वर्षांपूर्वी.

सी-५०१: काका 🤦