परक्यानं आपला भ्रष्टाचार सांगितला की आपण चिडतो का?

करवीरकर (धागाकर्ता):
गुन्नार मिर्दाल हा स्वीडनचा अर्थतज्ज्ञ. १९७४ चं नोबेल मिळालेला. त्यानं १९६८ साली दक्षिण आशियाबद्दल लिहिलं, त्याचा सारांश असा : इथली सरकारं कायदे भरमसाट करतात, पण राबवायची धमक नाही. ही ढिलाई पैसेवाल्याला सोयीची, भुर्दंड गरिबाला. शिवाय 'सगळेच खातात' ही बोलवा इतकी पसरते की खाणाऱ्याला लाजही वाटेनाशी होते.

माझ्या मते यातला शब्द न् शब्द आजही लागू आहे. पण आपल्याकडं कट्ट्यावर हे काढलं की पहिला सवाल, 'तो गोरा कोण सांगणारा?' बरं, आपल्या माणसांनी सांगितलेलं तरी कुठं ऐकलं? भ्रष्टाचार रोखायला सरकारनंच नेमलेल्या संथानम समितीचा अहवाल १९६४ चा. त्यातून दक्षता आयोग निघाला. पुढं काय झालं ते बघतोयच.

पेठेतला:
मिर्दाल स्वीडनचा न्हवं? मग तोफांच्या लाच प्रकरणातली बोफोर्स कंपनी कुठली ओ? आणि जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशात दिलेली लाच कंपनीला खर्चात दाखवून करातनं सूट मिळत होती. म्हंजे घेणारा आमचा तो भ्रष्ट, आणि देणारा त्यांचा तो व्यापारी. असल्यांनी आम्हाला शिकवायचं? नाद खुळा!

करवीरकर:
बोफोर्सची बातमी १९८७ ला फोडली ती स्वीडनच्याच रेडिओनं, हेही लिहा की. आणि त्यांच्या पापानं आपलं कसं धुतलं जातं, ते कळलं नाही.

पेठेतला:
धुतलं जात नाही, पण मास्तरकी करायचा हक्क जातोय. दरवर्षी बर्लिनच्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेकडनं देशांच्या भ्रष्टाचाराची यादी येतीय. २०२४ ला आमचा नंबर ९६. ती यादी 'उद्योजकांना आणि जाणकारांना काय वाटतं' यावर बेतलेली. प्रत्यक्षात कुठं किती खाल्लं ते त्यात कुठाय?

निवृत्त कारकून:
दोघंही नीतीवर भांडताय. सरकारी नोकरीत हयात गेली माझी, नीतीनं यातलं काही उलगडत नाही. परक्यांपैकी मला पटला तो रॉबर्ट वेड. दक्षिण भारतातल्या कालव्यांचा अभ्यास करून त्यानं १९८२ मध्ये मांडलं की पाटबंधाऱ्याचा इंजिनिअर शेतकऱ्याकडून, ठेकेदाराकडून पैसे काढतो, कारण ती जागा त्यानं स्वतः पैसे मोजून घेतलेली असते. पैसा खालून वर जातो, साहेबांकडून पुढाऱ्याकडं, आणि तिथून निवडणुकीत. मधे एखादा सज्जन आला तरी त्याला वसुली चुकत नाही. नाही केली तर जागा जाते.

हे कुठल्याही ऑफिसातल्या शिपायाला ठाऊक असतं. वेडनं ते कोण कुणाला का देतं अशा साखळीनं कागदावर आणलं, एवढंच. तेवढंच तर कुणी करत नाही. महाराष्ट्रानं २००५ मध्ये बदल्यांचा कायदा केला, साधारण तीन वर्षांची मुदत घातली. पण 'विशेष कारण' दाखवून मुदतीआधी हलवायची सोय त्याच कायद्यात ठेवली. मग मलईदार जागेला विशेष कारण मिळायला कितीसा वेळ लागतो?

गडहिंग्लजची:
काका, मग परके लागतातच कशाला? १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी नेमले. गावाचं दप्तर एका घराण्याच्या मुठीत, म्हणून रयत अडली जाते, हे त्यांनी स्वीडनला जाऊन विचारलं नव्हतं. सुधारणा म्हणजे काय ते कोल्हापूरला माहीत आहे.

निवृत्त कारकून:
ताई, अगदी मान्य. पण नेमणूक, बदली, पगार सगळं महाराजांच्या एका हातात होतं, आणि त्यांना मतं मागायची नव्हती. वतन वंशानं यायचं, आता जागा बोलीनं जाते. दप्तर मुठीतच राहिलं.

करवीरकर:
इथं अमेरिकन अर्थतज्ज्ञ क्लिटगार्डचं सूत्र बसतं. मक्तेदारी अधिक मर्जी वजा जाब, म्हणजे भ्रष्टाचार. सातबाराचंच बघा. डिजिटल सहीचा उतारा आता घरबसल्या पंधरा रुपयांत निघतो, तिथं चहापाणी संपलं. कारण उतारा देण्यात कुणाची मर्जीच उरली नाही. पण वारस नोंद घाला. नोटीस, पंधरा दिवस हरकतीची मुदत, मग मंडल अधिकाऱ्याची मंजुरी. त्यात कागदाला त्रुटी काढायची का नाही, हे अजून माणसाच्या हातात. जिथं मर्जी आहे तिथं पाकीट आहे. पेठेतल्यांनी यात गोरं काय आहे ते सांगावं.

पेठेतला:
सूत्र बरोबर आहे, मान्य. पण जाब कोण विचारणार, ते सूत्रात न्हाई. टोलचा जाब एन. डी. पाटील सरांबरोबर रस्त्यावर उतरून कोल्हापूरनंच विचारला, आणि टोल घालवला. कुठल्या परदेशी पुस्तकानं न्हवं.

गडहिंग्लजची:
टोल सगळ्या गावाचा होता, म्हणून सगळं गाव उतरलं. वारस नोंद एकट्या विधवेची असते. तिच्यासाठी कुठली पेठ मोर्चा काढणार? त्यात २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार. नाइलाजानं दिली असेल तर सात दिवसांत कळवा म्हणतात.

करवीरकर:
देण्याआधीच कळवावं. लाचलुचपत खात्याचा १०६४ हा फोन नंबर आहे, सापळा लावतात.

निवृत्त कारकून:
लावतात, नोटांना पावडर फासून, पंच घेऊन. साहेब निलंबित होतो, खटला रेंगाळतो, कधी तो परत कामावर हजरही होतो. आणि बाईची नोंद त्याच ऑफिसात, त्याच्याच मित्रांच्या टेबलावर पडलेली असते. तिनं फोन करावा का, हे करवीरकरांनी तिच्या जागी बसून सांगावं.