सिडनीच्या पहिल्या दफनभूमीची व्यवस्था कोण पाहत असे?

प्रश्न : १७८८ मध्ये वसलेल्या सिडनीत कैदी, सैनिक आणि अधिकारी असे सगळेच होते, मग गावची सार्वजनिक दफनभूमी कोणाच्या ताब्यात होती? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : १७९२ मध्ये गव्हर्नर फिलिप आणि पाद्री रिचर्ड जॉन्सन यांनी तेव्हाच्या वस्तीबाहेर, आज जिथे टाऊन हॉल उभा आहे तिथे, जागा निवडली. नोंदी चर्चच्या दप्तरात होत. मात्र जागेची देखभाल नीटशी कोणाकडेच नसल्याने मोकाट डुकरे आणि बकऱ्या कबरी उकरत. जिवंतांचेच पोट भरताना मेटाकुटीला आलेल्या वसाहतीकडून अधिक अपेक्षा करणे कठीण, तरीही ही हेळसांड मनाला लागते.

प्रतिसाद २ : वरील माहितीत थोडी भर घालतो. जागा भरत आल्यावर १८२० मध्ये ती बंद करून डेव्हनशायर स्ट्रीटची दफनभूमी सुरू झाली. तिथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, कॅथलिक, ज्यू अशा पंथांना हळूहळू स्वतंत्र विभाग मिळाले, आणि माझ्या मते व्यवस्थेला खरे वळण इथेच लागले, कारण आपल्या विभागाची काळजी घेणारे कोणीतरी प्रत्येक पंथाकडे होते. १९०१ मध्ये सेंट्रल स्टेशनसाठी तीही जागा सरकारने घेतली, तेव्हा नातेवाइकांना अवशेष सरकारी खर्चाने अन्यत्र हलवण्याची मुभा होती.

प्रतिसाद ३ : टाऊन हॉलच्या जागेतल्या पहिल्या दफनभूमीतले अवशेष १८६९ मध्ये रुकवूडच्या दफनभूमीत नेले, पण सगळे निघाले नव्हते. टाऊन हॉलच्या परिसरात पुढेही खोदकाम करताना कबरी सापडत राहिल्या.