डेंटल इम्प्लांटनंतर तुम्ही काय काय टाळलंत? अनुभव सांगा

टिळकरोडवाली: आईचं खालच्या दाढेचं इम्प्लांट पुढच्या आठवड्यात आहे. वय ६१, डायबेटिस आहे पण कंट्रोलमध्ये. दवाखान्यातून कागद दिलाय त्यात नुसतं 'कडक पदार्थ टाळा', आता आपल्या घरात कडक म्हणजे काय काय येतं ते त्या कागदाला काय माहीत. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज. खर्चाची चर्चा इथे नको.

कर्वेनगरी: पहिल्या दिवशी चूळ भरायचीच नाही. जेवलं की खळखळून चूळ ही आपली लहानपणापासूनची सवय, हात आपोआप नळाकडे जातो. पण तिथे रक्ताची गुठळी धरलेली असते, तेच जखमेचं झाकण, ते सुटलं की परत रक्त सुरू. थुंकायचं पण नाही, लाळ बेसिनमध्ये नुसती ओघळू द्यायची, दिसतं कसंतरीच पण इलाज नाही. आणि स्ट्रॉ बंद, ओढताना तोंडात जी पोकळी होते त्यानेही गुठळी हलते. थंड चालतं म्हणून भाच्याने प्रेमाने मस्तानी आणलेली, मी वरचं आइस्क्रीम चमच्याने खाल्लं आणि स्ट्रॉ त्यालाच दिली. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी, तेही तोंडात धरून मान इकडेतिकडे हलवायची आणि सोडून द्यायचं.

मेतकूटभात: कडक काय ते मी सांगते ताई. चिवडा, बाकरवडी, मिसळीवरची फरसाण, भाकरीचा पापुद्रा हे कोणालाही कळतं. फसवतात ते बारीक पदार्थ. साबुदाण्याची खिचडी मऊ म्हणून खाल तर दाण्याचं कूट टाक्यांत जाऊन बसतं आणि ब्रश तर तिथे लावायचा नसतो. तीळ, खसखस, वांग्याच्या बिया तसंच. दहीभातसुद्धा फोडणी न घालता, मोहरी अडकते. माझे पहिले दिवस खिमट, मुगाची पातळ खिचडी आणि ताकावर गेले, सगळं कोमट नाहीतर गार. वाफाळता चहा अजिबात नाही, हे मला सगळ्यात जड गेलं.

पर्वतीपायथा: वरच्या दाढेचं असेल तर प्रकरण वेगळं. माझं हाड कमी होतं म्हणून सायनस लिफ्ट केलं, म्हणजे वरच्या दाढांच्या वर जी सायनसची पोकळी असते तिचा तळ उचलून खाली हाड भरलं, त्यात नाक शिंकरायला बंदी, शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून शिंकायची. कपालभाती, भस्त्रिका बंद. आमच्याकडे गणपतीत आरतीला शंख मीच वाजवतो, त्या वर्षी पुतण्याने वाजवला, म्हणजे वाजवायचा प्रयत्न केला. विमानप्रवास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

सूनबाई_हडपसर: सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसते, घाबरू नका. ह्यांचा गाल बघून सासूबाई गरम शेकाची पिशवीच घेऊन आल्या!! पहिले एक-दोन दिवस उलट बर्फ, रुमालात गुंडाळून बाहेरून, थोडा वेळ ठेवायचा थोडा वेळ काढायचा. लवंगेचं तेल, हळद वगैरे घरचे उपाय टाक्यांवर लावू नका, कितीही प्रेमाने कोणी सांगितलं तरी. आणि सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली, ताप आला किंवा ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिला तर फोन करायचा, वाट बघायची नाही.

ढोलवाला: दुखायचं थांबलं की माणूस सुटतो, खरा घोटाळा तिथेच. टाके आठ-दहा दिवसांत निघतात पण जबड्यात बसवलेल्या इम्प्लांटच्या स्क्रूला हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण ३-४ महिने, वरच्यात ४-६ महिने लागू शकतात. आमच्या पथकातला एक जण टाके निघायच्या आधीच नदीपात्रात सरावाला आला, कमरेला ढोल, दात घट्ट आवळलेले, संध्याकाळी रुमाल लाल. जिम, टेकडी, जड उचलणं सगळं डॉक्टर म्हणतील तेव्हाच. आणि टपरीवरची सिगारेट, मिश्री, गुटखा बंद म्हणजे बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. 'मिश्री म्हणजे कुठे तंबाखू' असं म्हणणारी एक आत्या प्रत्येक घरात असते.

गोळीबंद: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, आधी दोन्ही डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही ऑपरेशनच्या आधीच सांगा. मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक गोळी दिली तर दारू पूर्ण बंद. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सांगितला तर पेस्ट लावल्यावर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात.

मेतकूटभात: अगं डायबेटिसचं राहिलंच. मऊ मऊ म्हणून आपण नुसता भात आणि केळं देत बसतो, साखर वाढते आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट शुगरची गोळी घेतली आणि दुखतंय म्हणून जेवल्याच नाहीत तर साखर एकदम खाली. मुगाचं कढण, कुस्करलेलं पनीर, खात असतील तर मऊ अंडं, असं थोडं थोडं देत राहा.

पर्वतीपायथा: आणि आईंना काढघालीची कवळी असेल तर ती लगेच लावू नका. जखमेवर दाब येतो, आधी डॉक्टरांकडून घासून सैल करून घ्यावी लागते.

टिळकरोडवाली: आहे ना कवळी, त्याच बाजूला! हे कोणीच बोललं नव्हतं. उद्या सकाळी दवाखाना उघडला की फोन करते.